टाक्यावरचे घर

परदेशात हॉटेलात उतरणे आणि घर भाड्याने घेऊन राहणे यांत, लग्नाच्या पंक्तीत जेवणे आणि शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून चहा घेणे यांइतका फरक आहे. पंक्तीत पदार्थ अधिक, आग्रहही अधिक. पण यजमानाच्या घरात डाळीचा डबा कोणत्या फळीवर असतो ते काही कळत नाही. भाड्याच्या घरात तो डबा पहिल्या तासाभरातच शोधावा लागतो, आणि त्या शोधात मुलखाची जी ओळख होते ती हॉटेलच्या खिडकीतून होत नाही.

आमची कन्या नोकरीनिमित्त इंग्लंडात असते. मागच्या सप्टेंबरात तिने आम्हां उभयतांना तिकडे बोलावून घेतले आणि वर फर्मान काढले, ‘बाबा, दहा दिवस एका बेटावर जायचं आहे. व्हिला घेतलाय.’ व्हिला हा शब्द ऐकून सौ.ने ठेवणीतल्या दोन साड्या बॅगेत जास्त भरल्या. प्रत्यक्षात तो व्हिला म्हणजे शेतकऱ्याचे जुने घर होते, आणि त्याला व्हिला ही पदवी मिळाली होती ती अंगणातल्या पोहण्याच्या तलावामुळे. पण त्या घराविषयी सांगण्यापूर्वी बेटाविषयी चार शब्द सांगणे जरूर आहे.

सिसिलीच्या दक्षिणेला भर समुद्रात माल्टा नावाचा चिमुकला देश आहे. माल्टा, गोझो आणि कोमिनो ही त्याची तीन मुख्य बेटे. आमचे घर होते गोझोवर. गोझोचे क्षेत्रफळ ६७ चौरस किलोमीटर. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जुनी मुंबई साधारण एवढीच भरेल. पण त्या मुंबईत २०११ च्या शिरगणतीत ३० लाखांवर माणसे मोजली गेली, आणि गोझोवर २०२१ साली सुमारे ३९ हजार! त्यामुळे आम्हां मुंबईकरांना पहिले दोन दिवस गावात कुणी वारले आहे की काय, असेच वाटत होते.

गोझोला विमानतळ नाही. माल्टाच्या उत्तर टोकाला चिरकेव्वा नावाचा धक्का आहे, तिथून बोट निघते आणि पंचवीस मिनिटांत इम्जारच्या बंदराला लागते. या बोटीची एक गंमत आहे. जाताना तिकीट विचारीत नाहीत. जायचे-यायचे भाडे गोझोहून परतताना घेतात. सौ. म्हणाली, ‘म्हणजे येणाऱ्याला मुभा, जाणाऱ्याला हिशेब!’ ते वाक्य मला पुढे दोनतीनदा आठवले.

बंदरावरून मोटार निघाली तेव्हा आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालली. घरात दिवे लावायला गेलो तर भिंतीवर इंग्लंडातल्यासारखी तीन चौकोनी भोके. माल्टा १९६४ साली स्वतंत्र झाला. त्याआधी दीडशेहून अधिक वर्षे तिथे इंग्रज होते. एका मालकाच्या हाताखाली राहिलेल्या दोन नोकरांना जशा एकमेकांच्या सवयी ओळखू येतात, तसे झाले. आणि आपला संबंध तेवढ्यावरच थांबत नाही. १८७८ साली रशियाला धाक बसावा म्हणून इंग्रजांनी सुमारे ७ हजार हिंदी शिपाई माल्टाला नेले होते. ते मुंबईच्या बंदरातूनच गेले होते आणि त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. आज आपली माणसे तिथे बस चालवताना, इस्पितळात शुश्रूषा करताना भेटतात. पहिल्याच दिवशी आमच्या बसचा ड्रायव्हर केरळचा निघाला, आणि सौ.ची साडी पाहून त्याने आम्हांला घराच्या अगदी कोपऱ्यावर उतरवले.

आमचे घर शारा नावाच्या गावात होते. बाहेरून पाहिले तर नुसती दगडी भिंत आणि तीत एक हिरवे दार. पण दार उघडताच आत अंगण, अंगणाला लागून कमानी, आणि कमानींमागे खोल्या. दगड सगळा मधाच्या रंगाचा. हा तिथला चुनखडीचा दगड. करवतीने कापता येईल इतका मऊ. लाकूड मात्र बेटावर फारसे नाही. मग छताला तुळया कुठून आणायच्या? त्यांनी युक्ती केली. खोलीत एकापुढे एक दगडी कमानी उभारायच्या आणि एका कमानीवरून दुसरीवर दगडी फरश्या टाकायच्या. त्यामुळे दोन कमानींतले अंतर धन्याच्या हौसेवर नव्हे, तर फरशीच्या लांबीवर ठरते. वर माळवद. देशावरच्या आमच्या आजोळी असेच माळवद होते. फरक इतकाच की ते मातीचे होते.

बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून एक दगडी कट्टा होता. त्यावर सुंदर उशा मांडल्या होत्या. जावईबापू त्यावर आरामात रेलले होते. मी नीट पाहिले आणि म्हणालो, ‘अहो, ही गव्हाण आहे.’ गुरे बांधायला दगडात पाडलेली भोकेसुद्धा जागच्या जागी होती. पूर्वी खाली गोठा, वर माणसे अशी राहणी. जावईबापू उठले नाहीत, पण नंतर बसताना जरा सावरून बसू लागले.

घरमालकीणबाई शेजारच्याच गल्लीत राहत. वय पंचाहत्तरीच्या पुढे, हातात काठी, आणि बोलण्याचा ढंग ऑस्ट्रेलियन. पहिल्या भेटीतच त्यांनी सौ.ला ‘लव्ह’ म्हणून हाक मारली. इतक्या वर्षांत मी जे म्हटले नाही ते एका परक्या बाईने दारातच म्हटल्यामुळे सौ. बरीच खूष झाली. किल्ली देताना बाईंनी सांगितले, ‘दाराला बाहेरून लावून ठेवली तरी चालेल.’ आम्हांला तो विनोद वाटला. पण गोझोत ती जुनी चाल आहे. किल्ली दाराच्या बाहेरच्या बाजूला कुलुपात तशीच राहते. शेजारीण येते, किल्ली फिरवते, आत येते. डोंबिवलीच्या आमच्या दाराला तीन कुलुपे आहेत. सौ.ने पहिल्या रात्री किल्ली उशाखाली ठेवली, दुसऱ्या रात्री आतल्या खिळ्याला अडकवली, आणि चौथ्या दिवसापासून ती बाहेर कुलुपातच राहू लागली.

घर हाती आले की स्वयंपाकघर हाती येते, आणि स्वयंपाकघर आले की बाजार. सकाळी फाटकाशी भाजीची गाडी येई. तांबडीलाल टोमॅटो, वांगी, भोपळे, अंजिरे. लाकडाच्या भट्टीतला कडक सालीचा पाव मिळे. त्याचाच एक चपटा प्रकार ‘फ्तिरा’. माल्टाच्या फ्तिऱ्याला २०२० साली युनेस्कोने वारशाचा मान दिला. वर टोमॅटो, ऑलिव्ह आणि तिथल्या बांधाबांधांवर उगवणाऱ्या केपरच्या खारवलेल्या कळ्या घालून तो खातात. मेंढीच्या दुधाच्या छोट्या चकत्या मिळतात, त्यांना ‘ज्बेयना’ म्हणतात. मिरपूड लावलेली ज्बेयना आणि आपली ज्वारीची भाकरी यांचे लग्न कुणीतरी लावून द्यायला हवे. मीठही घरचेच. मार्साल्फोर्नजवळच्या श्वेयनीच्या किनाऱ्यावर खडकात कोरलेली शेकडो मिठागरे आहेत. उन्हात ती बुद्धिबळाच्या पटासारखी चमकतात.

भाषेचेही नवल. लिपी रोमन, धर्म कट्टर कॅथलिक, आणि भाषा मात्र अरबीच्या कुळातली. देवळात म्हणजे चर्चमध्ये प्रार्थना चालते ती ‘अल्ला’ला, कारण त्या भाषेत देवाला दुसरा शब्दच नाही. दार म्हणजे ‘बीब’, घर म्हणजे ‘दार’. आमच्या नातवाला हे फार आवडले. तो दिवसभर दाराला घर आणि घराला दार म्हणत हिंडत होता.

पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण मी थोडक्यात सांगतो. घरापासून चालत दहा मिनिटांवर जगंतियाची मंदिरे आहेत. सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे मिसरच्या पिरॅमिडांहून जुनी. हे अवाढव्य धोंडे सान्सुना नावाच्या राक्षसिणीने डोक्यावरून वाहून आणले, असे लोक सांगत. पांडवांनी एका रात्रीत लेणी कोरल्याच्या कथा ऐकत वाढलेल्या आम्हांला ही बाई अगदी घरची वाटली. बेटाच्या मध्यभागी व्हिक्टोरिया हे मुख्य गाव. १८८७ साली राणीच्या ज्युबिलीनिमित्त हे नाव पडले, पण तिथले लोक अजून त्याला रबातच म्हणतात. या छोट्याशा गावात एकाच रस्त्यावर दोन ऑपेरागृहे आहेत, दोन प्रतिस्पर्धी बॅन्ड-मंडळांची! त्यांची चुरस ऐकून मला दोन आळींच्या गणपती-मेळ्यांची आठवण झाली. गावाच्या डोक्यावर किल्ला आहे. १५५१ साली तुर्कांच्या आरमाराने तो घेतला आणि सुमारे ५ हजार माणसे गुलाम म्हणून नेली. बेट जवळजवळ ओस पडले. पुढे १६३७ पर्यंत गोझोकरांनी रात्री किल्ल्यातच निजायचे असा कायदा होता. ज्या बेटाने असे दिवस पाहिले तिथे आज किल्ल्या बाहेर लटकतात, हे लक्षात आले म्हणजे त्या चालीचे मोल कळते. समुद्रकाठची ‘अझुर विंडो’ ही प्रसिद्ध कमान मात्र आता पाहायला मिळत नाही. ८ मार्च २०१७ च्या वादळात ती कोसळली.

पण माझे मन या सगळ्यापेक्षा रमले ते घराच्या अंगणातच. मी उभी हयात पाटबंधारे खात्यात काढली. अशा माणसाची नजर कुठेही गेली तरी पाण्याकडे जाते. अंगणात दोन जागी पाणी होते. एका बाजूला निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव, ज्यात नातू सकाळपासून डुंबत असे. दुसऱ्या बाजूला दगडी कठडा आणि त्यावर लोखंडी झाकण. कठड्याला दोर घासून घासून बोटभर खोल खाचा पडल्या होत्या. झाकण बाजूला करून मी आत बॅटरी मारली. खडकात कोरलेले टाके. तोंडाशी अरुंद, पोटात फुगीर, घागरीसारखे. तळाशी हातभर पाणी. रायगडावर, कान्हेरीच्या लेण्यांत टाकी पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागले नाही. त्याला तिथे ‘बीर’ म्हणतात.

गोझोवर नदी नाही, तळे नाही. वर्षाला पाऊस साधारण ५५० मिलिमीटर. मुंबईत एकट्या जुलैत याहून जास्त पडतो. तोही हिवाळ्यात, आणि उन्हाळ्याचे चार महिने जवळजवळ कोरडे. म्हणून माल्टाच्या लोकांनी पूर्वीपासून माळवदावरचा थेंबन् थेंब पन्हळीने घराखालच्या टाक्यात सोडला. १५६६ साली तिथल्या सरदारांनी व्हॅलेटा ही राजधानी वसवली तेव्हा प्रत्येक घराला टाके असलेच पाहिजे असा नियम केला होता. आता नळ आले आहेत. पण जमिनीखालचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते; फार उपसले की खालून समुद्र वर येतो. तेव्हा समुद्राचे पाणीच दाबाने पडद्यांतून गाळून गोडे करतात. देशातल्या नळाच्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक असे येते. त्याला वीज लागते, आणि पुष्कळ लागते. नळाचे पाणी प्यायला निर्धोक असले, तरी चवीला जरा मचूळच लागे, आणि सौ.चा चहा काही केल्या जमेना.

मालकीणबाईंना हे कळले तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, ‘माझी आई चहाला बीरचंच पाणी घ्यायची.’ मग कठड्यावर बसून त्यांनी आपली हकिगत सांगितली. लहानपणी या घरात नऊ माणसे, एक गाय आणि दहा मेंढ्या होत्या. टाक्याचे झाकण उघडायचे आजोबांनीच. तोंड धुतलेले पाणी भांड्यांना, भांड्यांचे जनावरांपुढच्या जमिनीला, आणि उरलेले अंजिराला. १९६१ साली दोन वर्षे लागोपाठ पीक गेले आणि वडिलांनी मेलबर्नचे जहाज धरले. त्या वेळी बाई तेरा वर्षांच्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत माल्टाच्या एक लाखाहून अधिक माणसांनी अशी परदेशची वाट धरली. त्यांतली जी परतली त्यांनी गोझोत घरे बांधली आणि त्यांवर नावे घातली, ‘गॉड ब्लेस ऑस्ट्रेलिया’. एका घराच्या दर्शनी भिंतीवर तर मी दगडी कांगारू पाहिला. आमच्या कोकणातल्या गावी मुंबईच्या पैशांतून बांधलेल्या घरांवर गिरणीचे चित्र कुणी कोरले नाही. पण भावना तीच असावी.

बाई परतल्या तेव्हा घराचे माळवद खचले होते. दुरुस्तीला पैसा हवा. तो भाड्यातून आला. मुलाने कर्ज काढून तलाव बांधला आणि भाडे दुप्पट झाले. आता त्याच्या मनात आणखी एक बेत होता. टाके कायमचे कोरडे करायचे, आत जिना उतरवायचा, दिवे लावायचे आणि पाहुण्यांसाठी द्राक्षदारूचे तळघर करायचे. बाईंना ते मान्य नव्हते. घरात त्यावरून महिनाभर अबोला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या मुलालाच घेऊन आल्या. मुलगा म्हणजे पन्नाशीचा गृहस्थ, सौम्य, कष्टाळू. बाई मला म्हणाल्या, ‘तुम्ही पाण्याचे इंजिनिअर आहात. याला सांगा.’ परक्या घरच्या भांडणात पंच होणे काही बरे नव्हे. तेव्हा मी मत दिले नाही, हिशेब मांडला. माळवद पावलांनी मोजले होते. शंभर चौरस मीटर भरले. ५५० मिलिमीटर पावसाने त्यावर वर्षाला ५५ हजार लिटर पाणी पडते. थोडे उडेल, थोडे मुरेल, बाकीचे टाक्याचे. मग तलाव मोजला. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल. ४८ हजार लिटर. म्हणजे नऊ माणसे आणि जनावरे मिळून ज्या पाण्यावर वर्ष काढीत, जवळजवळ तेवढेच आमच्या नातवाच्या डुंबण्याला लागत होते.

नातवाने हे ऐकले आणि तो हळूच काठाला येऊन बाहेर बसला. मी त्याला पुन्हा पाण्यात पाठवले. भरलेला तलाव रिकामा ठेवून टाके भरत नाही. मुलाने हिशेब शांतपणे ऐकून घेतला. म्हणाला, ‘साहेब, आकडे बरोबर आहेत. तलावाला मी टँकर आणतो, त्याचं बिल मीच भरतो. पण टाकं पाहून घर कुणी घेत नाही. तलाव पाहून घेतात. तलाव नसता तर हे छप्परच नसतं, आणि छप्पर नसतं तर पाणी कशावर पडलं असतं?’ त्याचेही खोटे नव्हते. आपल्याकडे कोकणात बंद घरांची कुलुपे उघडून पर्यटकांना जागा देणारे जे तरुण आहेत, त्यांनाही हेच म्हणावे लागेल. जुने घर नुसत्या मायेवर उभे राहत नाही. बाई काठीने फरशीवर रेघा ओढीत राहिल्या. कुणीच काही बोलले नाही, आणि मंडळी उठली.

आमच्या मुक्कामाच्या शेवटून दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आले. हवा कोंदली. पाच वाजता किल्ली फिरली आणि बाई आत आल्या. हातात काठीऐवजी झाडू. ‘लव्ह, मला वर जायचंय,’ एवढेच म्हणाल्या. पहिल्या पावसाआधी माळवद झाडले पाहिजे, पन्हळीतला पाला काढला पाहिजे, नाहीतर वर्षाची धूळ टाक्यात जाते. सौ.ने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, ‘तुम्ही नाही चढायचं, मी जाते.’ ती मराठीत म्हणाली, पण बाईंना कळले. जावईबापू, कन्या, मी, सगळे माळवदावर गेलो. आम्ही निम्मे झाडतो आहोत तोच जिन्यावर पावले वाजली. मुलगा आला होता, शर्टाच्या बाह्या सारून, स्वतःचा झाडू घेऊन. आईकडे त्याने पाहिले नाही. सरळ पन्हळीच्या तोंडाशी बसला आणि हाताने पाला उपसू लागला.

साडेसहाला पाऊस आला. भूमध्यातला पहिला पाऊस आपल्या वळवासारखाच. आधी टपोरे थेंब, मग एकदम कोसळ. मुलाने पहिली दहा मिनिटे पाणी बाहेर गल्लीत सोडले, माळवद धुऊन निघावे म्हणून. मग पन्हळीच्या भोकातला दगड काढून पाण्याला टाक्याची वाट दिली. आम्ही सगळे कमानीखाली उभे होतो. तलावावर पावसाचा नुसता पटपट आवाज होत होता. टाक्यातून मात्र खोल, घुमणारा आवाज येत होता, रिकाम्या हंड्यात घागर ओतावी तसा.

सकाळी मुलाने दोराला दगड बांधून टाक्यात सोडला आणि ओल मोजली. दीड वीत पाणी चढले होते. बाईंनी पोहऱ्याने थोडे काढले आणि ते गाळून, उकळून सौ.ने चहा केला. दहा दिवसांत प्रथमच चहा चहासारखा लागला. मुलगा दोन कप प्यायला आणि दोर गुंडाळताना आईला त्यांच्या भाषेत काही म्हणाला. बाईंनी आम्हांला त्याचा अर्थ सांगितला, ‘तळघराचं पुढच्या वर्षी पाहू म्हणतोय.’ पुढच्या वर्षी तो काय करील कोण जाणे. पण झाकण त्याने स्वतः उचलून कठड्यावर नीट बसवले, आणि दोर नेहमीच्या खिळ्याला अडकवून ठेवला.